येवल्याचा सोनकिडा

काडेपेटी घेऊन आमच्या कॉलनीत शिरणाऱ्या प्रत्येक पोराला बोरसे नाना फाटकाशी अडवत. नाना जकात नाक्यावरून निवृत्त झालेले. पालिकेनं त्यांना सोडलं होतं, त्यांनी नाका सोडला नव्हता. खुर्ची फाटकाला टेकलेली, पाय रस्त्यात आणि प्रश्न ठरलेला, "आत कोण?"

श्रावणात आत हमखास सोनकिडा असे. पोरं बाभळीवरचे ते हिरवे चकचकीत किडे पकडून काडेपेटीत पाला घालून ठेवत, आणि चार दिवसांत एक मेला की दुसरा आणत. नाना ओरडत नसत. डबी कानाशी धरत, जरा वेळ ऐकत आणि म्हणत, "रडतोय." मग त्याला परत पोचवायचं. तेही कुठल्याही झाडावर नाही, ज्या झाडावरून आणला त्याच झाडावर. एका आळशी पोरानं गुलमोहरावर सोडला, तर नानांनी तो शोधायला लावला. आम्ही मोठी माणसंसुद्धा संध्याकाळभर माना वर करून उभे होतो. शेवटी एक सापडला. तोच की दुसरा, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

पोरं सुधारली. माझी आठ वर्षांची मीनल तर आईनं झुरळावर चप्पल उगारली की "त्याचं घर कुठंय?" असं विचारू लागली. आमच्याकडे झुरळं फार झाली.

तरी मोह तो मोह. मीनल आजोळाहून, येवल्याहून, सोनकिडा घेऊन आली. गाव ऐकून नाना पहिल्यांदाच खुर्चीतून उठले. मी म्हटलं, इथं नाशकातही नासर्डी नदीच्या काठी बाभळी रगड आहेत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बिनपावतीचा ट्रक काढत होतो.

दुसऱ्या दिवशी मी किरकोळ रजा टाकली. कारण लिहिलं, घरगुती.

येवल्याच्या एसटीत नानांनी आम्हा तिघांची अडीच तिकिटं मागितली आणि प्रामाणिकपणे डबी उघडून दाखवली. कंडक्टरनं वाकून पाहिलं. "मांडीवर घ्या," म्हणाला आणि पुढे गेला.

मीनलच्या मामाच्या बांधावर चार बाभळी होत्या. तिनं तिसरी दाखवली. नानांनी फांदीही विचारून घेतली. किडा फांदीवर जरासा चालला आणि उडून चौथ्या बाभळीवर जाऊन बसला. नाना म्हणाले, "शेजारी गेला असेल."

परतीच्या गाडीत मीनलनं विचारलं, नाशकात तो मेला असता का?

"नाही गं. जगला असता," नाना म्हणाले. "मी नाही का जगलो?"

मग हळूहळू कळलं. आठव्या वर्षी त्यांना सटाण्याकडच्या गावातून शाळेसाठी नाशकात मामाकडे आणलं. मामानं खायला-ल्यायला काही कमी केलं नाही. दिवाळीला पोचवतो, असं दर वर्षी म्हणाला. आई गेल्याचंही त्यांना महिन्यानं कळलं. मी बारा वर्षं त्यांचा शेजारी, पण हे कधी विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"मग आता जा ना," मीनल म्हणाली.

नाना आमच्याशी कधी अहिराणी बोलत नसत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आते तठे कोन शे, माय?"

मीनलनं त्यांचा हात धरला, तो नाशिक येईपर्यंत सोडला नाही.

स्टँडवर उतरल्यावर मी चौकशीच्या खिडकीशी गेलो आणि सटाण्याची सकाळची गाडी विचारली. नाना मागे येऊन उभे होते.

"भाऊ, तुमची रजा?"

"शिल्लक आहे," मी म्हटलं.