महाराजांस निद्रा आणविली त्याची हकीकत

श्री. जागत्याचे रक्षण करितो आणि निजल्यास उठवीत नाही, त्या देवास नमन. शके सोळाशे एकाहत्तर, शुक्लनाम संवत्सरे, ज्येष्ठमासी एके राज्यी महाराजांची झोप उडाली, ते वर्तमान ऐसे जे: महाराज रात्रभर कुशी पालटीत आणि जे मनात येई त्याची प्रातःकाळी आज्ञा करीत. आज चुलीवर कराची पट्टी, उद्या शेजारियावर स्वारी, आणि परवा स्वारी निघालीच का म्हणोन चौकशी. मग धोंडभट वैद्यांस आणविले आणि हुकूम जाहला की, "दसऱ्याचे आत झोप आणावी, न आणिल्यास उजवा हात कलम होईल." वैद्याचा हात गेला म्हणजे नाडी गेली, खलबत्ता गेला, पोटही गेले. तरी धोंडभट धीर धरोन बोलिले, "अश्वगंधेची मुळी द्यावी. घोड्याच्या अंगासारखा दर्प येतो, परंतु बळ देते, धास्तावले मन निवविते, झोपही आणिते. चूर्ण दुधातुपात निजतेवेळी घ्यावे. मात्र मुळी आहे, जादू नव्हे. दोन मास लागतील."

हे ऐकोन अवघ्या दरबारानेही तेच औषध मागितले, कारण सरकार घेतील ते आपण न घेणे बेअदबी. आणि दुसरेच दिवशी एकास हत्तीचे बळ आले, एकाच्या टकलास केस फुटले, आणि चूर्ण तो अद्याप कुटावयाचेच होते! महाराजांस मात्र दोन मास घेऊनही झोप येईना. मग धोंडभट शयनगृहाबाहेर बसोन पाहतात तो, डोळा लागला की हैबतराव सरलष्कर हलवोन पुसत, "महाराज, झोप लागली काय?" ते जातात तो दुसरे मानकरी येत, मग तिसरे. समाचारास न यावे तर मान जातो, ऐसा त्या राज्याचा रिवाज. मानकऱ्यांस दटावावे तर हाताबरोबर मुंडकेही जावयाचे. मग धोंडभटांनी भर दरबारी अर्ज केला की, "एक पथ्य सांगावयाचे राहिले. ही मुळी पोटी असता निजल्या माणसास झोपेचे पुसिले, तर भयंकर पोटशूळ उठतो."

"महाराजांस?" हैबतरावांनी पुसिले.

"नव्हे, पुसणारास."

त्या दिवसापासोन समाचारास कोणी फिरकले नाही, आणि महाराज जे निजले ते दुपारी उठोन, जेवोन, पुन्हा निजो लागले. दसरा उजाडला, हात वाचला. परंतु दरबार भरेना, शिक्का उठेना, तेव्हा धोंडभटांचे मनी आले की मात्रा उतरवावी. तो त्यांचे दाराशी रयत बसलेली, पुढे अश्वगंधेच्या मुळ्यांची गाठोडी. कोंडाई पाटलीण म्हणाली, "वैद्यबुवा, तुमचा हात वाचला, लई चांगलं झालं. पन मात्रा उतरवू नगा. म्हाराज निजल्यापासनं चुलीला पट्टी न्हाई, की पोरं स्वारीवर न्हाईत."

धोंडभटांनी पाप की पुण्य हा विचार बहुत केला, शास्त्रात निवाडा सापडेना. मग गाठोडी आत घेतली आणि दार लावोन कुटावयास बसले.

सारांश, अश्वगंधा थोर औषधी. घेणार एक, आराम सकळ रयतेस.