हुणसेकट्टे स्टेशन वाचलं त्याची हकीगत

सन अठ्ठावन्नमध्ये हुणसेकट्टे स्टेशन प्रवाशांअभावी बंद करण्याचं रेल्वेनं ठरवलं, आणि त्यात बेकायदेशीर काहीच नव्हतं. यशवंतपूरची गाडी रोज माणसांनी फुललेली असे. पण तिकीट कुणीच काढत नसे. स्टेशनमास्तर व्यंकोजी गावचाच. घरच्या माणसाकडून तिकीट घेणं म्हणजे त्याचा अपमान, अशी गावाची ठाम समजूत होती.

धसका घेतला तो सकवारबाईनं. सातवा महिना, माहेर यशवंतपूरला. पहिलं बाळंतपण आईच्या हातून व्हावं, एवढंच तिचं मागणं. पोटातलं लाथ मारी, तेव्हा ती हलकेच समजावी, "स्वल्प, थोडंसं थांब रे राजा, गाडीचं बघते."

रेल्वेनं मुदत दिली: तिकीटविक्री वाढवून दाखवा. सकवारबाई घरोघर फिरली.

"अगं, पण व्यंकोजीला काय वाटेल?" खंडोजीमामा म्हणाले.

"नोकरी गेल्यावर काय वाटेल, ते विचारा!"

गाव पेटलं. खिडकीवर रांगा लागल्या. लोक अभिमानानं तिकीट काढत, देवघरात ठेवत आणि नव्यानं सुरू झालेल्या बसनं जात. बस दारात थांबे. स्टेशनपर्यंत कोण चालणार?

रेल्वेचे साहेब तपासणीला आले. तिकीटविक्री विक्रमी, गाडीत एकटे साहेब. त्यांनी अहवाल दिला: "येथील जनतेस तिकिटांची नितांत गरज आहे, गाडीची नाही. सबब, गाडी बंद करून खिडकी चालू ठेवावी."

दिवस भरत आले तशी सकवारबाई बोचकं घेऊन खिडकीशी आली. व्यंकोजीनं ठसा मारून तिकीट दिलं.

"गाडी कधी, अण्णा?"

"गाडी कालपासून बंद, अक्का. पण स्टेशन वाचलं! तुझ्यामुळं!"

शेवटी ती बसकडे वळली. आत मुंगीला जागा नव्हती. अख्खं गाव हार घेऊन यशवंतपूरला साहेबांचे आभार मानायला निघालं होतं.

"तू उद्या जा, पोरी," खंडोजीमामा बसच्या खिडकीतून म्हणाले. "आज गावाचं काम आहे."

बाळ काही उद्यापर्यंत थांबलं नाही. व्यंकोजीच्या बायकोनं, जमनाबाईनं, वेटिंग रूममध्येच सुटका केली. मुलगी झाली. हुणसेकट्ट्याला त्या महिन्यात उतरलेली तेवढी एकच प्रवासी. सकवारबाईनं तिला पदराखाली घेतलं. "आजीकडे निघाली होतीस ना गं? कुठं उतरलीस बघ!"

नात आईला दाखवायची, पण बसच्या गर्दीत तान्हं बाळ नेववेना, म्हणून पुढं तिनं गाडीसाठी अर्ज केला. सही कुणीच देईना. "स्टेशन दिलं, आता हिला गाडीपण हवी!" गाव हसलं.

तुम्हीही हसलात. तुमच्या गावच्या दवाखान्याच्या उद्घाटनाला टाळ्या वाजवून आलात, तेव्हा आत डॉक्टर आहे का, हे विचारलं होतंत?