चार टायर आणि दिघेकाका

दिघेकाका भाजीला निघाले की त्यांच्या खिशात खडू असायचा. कारखान्यातला, पांढरा. पपई उचलायची, टिचकी मारायची, कान लावून ऐकायचं आणि पटली नाही तर तिच्यावर ठसठशीत फुली मारून परत टोपलीत ठेवायची. देवासचे भाजीवाले त्यांना लांबूनच ओळखत. "आ गए चॉकवाले साब," म्हणत आणि टोपलीवर पोतं ओढून घेत.

"शंकेला जागा आहे," हे काकांचं हुकमी वाक्य. दुधाला शंकेला जागा होती, लग्नपत्रिकेतल्या मुहूर्ताला होती, हवामानाच्या अंदाजाला तर होतीच होती. माझ्या पदवीलाही होती. मी त्यांच्याच हाताखाली, कारखान्याच्या तपासणी खात्यात. आमच्याकडे गिअर बनत. काका ते मापत आणि बहुतेक नापास करत. शिवाय त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून. म्हणजे माझी सुटका घरीही नाही आणि कामावरही नाही.

काका मूळचे धारचे, संस्थानातल्या दफ्तरदाराचे नातू. त्यांचं मराठी जुनं, घोटीव. माझे वडील जळगावहून नोकरीसाठी इकडे आलेले. मी शिकलो हिंदी शाळेत, मराठी वाचताना अजून अडखळतो. "मिलिंद, तू मराठी आहेस याला पुरावा काय?" असं ते चारचौघांत विचारायचे. आता काय सांगणार, कपाळ?

ही गोष्ट दोन हजार दोन-तीनच्या सुमाराची. एका सकाळी कॉलनीत फटफट आवाज आला आणि काका चक्क लाल रंगाच्या, उघड्या टपाच्या, दोनच सीटांच्या स्पोर्ट्स कारमधून उतरले. इंदूरच्या कुण्या व्यापाऱ्याच्या मुलानं हौसेनं घेतलेली, हौस फिटल्यावर विकलेली. अंग फायबरचं, आणि इतकी हलकी की मागून दोघांनी धरली तर चाकं जमिनीवरून सुटतील. चोपन्न वर्षांचा माणूस, रात्री नेमानं इसबगोल घेणारा, आणि ही गाडी! समोरचे वर्माजी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "भिया, कुछ तो चक्कर हे. पीछे सीट ही नी हे." खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. सीट दोनच, आणि दुसऱ्या सीटवर कोण बसणार, हा प्रश्न कॉलनीत महिनाभर चघळला गेला.

कारण शालिनीकाकू तर बसणार नव्हत्या. नऊ वर्षांपूर्वी त्या काकांच्या स्कूटरवरून पडल्या होत्या. कमरेचं हाड मोडलं, डावा पाय आखडला तो आखडलाच. तेव्हापासून काका चालवतील त्या कुठल्याही वाहनात त्या बसत नसत. त्यांचं माहेर धरमपुरीला; भावाकडे नर्मदेकाठच्या एका देवळाची पूजा. दर श्रावणात काकू काठी टेकत, दोन बस बदलून एकट्या जायच्या. काका स्टँडवर बस हलेपर्यंत उभे राहायचे आणि मग त्या बसच्या टायरांना नावं ठेवत घरी यायचे.

तर ती लाल गाडी दारात उभी राहिली तेव्हा काकू बाहेर आल्या. काठीचं टोक टायरवर टेकवलं आणि म्हणाल्या, "हे तर गुळगुळीत आहेत. पावसात घसरणार नाहीत आणि उन्हात फुटणार नाहीत, असे टायर आणा आधी. मग बघू."

याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे लग्न न झालेल्या मलाही कळलं. काकांना तेवढं कळलं नाही. त्यांनी खिशातून कागद काढून काकूंची अट जशीच्या तशी लिहून घेतली, खाली तारीख टाकली, आणि पुढचं सव्वा वर्ष माझ्या रविवारांचं वाटोळं झालं.

देवासच्या हायवेवरच्या दुकानदारानं जाड, टणक टायर पुढं केला. "साब, पत्थर हे पत्थर. दस साल नी घिसेगा."

"मग दहा साल रस्ताही धरणार नाही," काका मला म्हणाले. "टॅक्सीचा टायर आहे हा. पाच माणसं आणि टपावर सामान असेल तर वजनानं दबतो आणि रस्ता पकडतो. आपली गाडी म्हणजे सुपातले पोहे. हिला मऊ रबर पाहिजे." मग टायरवर नख रोवून पाहिलं, वास घेतला, आतल्या बाजूला हात घालून चाचपडलं. जुन्या टायरवर नवं रबर चढवून, वरून काळं पॉलिश मारून विकतात, अशी त्यांची पक्की खात्री. दुकानदार शेवटी वैतागला. "भिया, टायर लेना हे के रिश्ता करना हे?"

"रिश्ते में इतना नहीं देखा था, वही गलती हुई," काका म्हणाले, आणि फुली मारली.

आणखी एका दुकानात रुंद, दिमाखदार टायर मिळाले. पोरं ज्यांच्यावर मरतात तसले. काकांनी पिशवीतून तांब्या काढला. हो, तांब्या घेऊनच निघायचे. टायर उभा धरायला मला लावलं आणि वरून पाणी ओतलं. "बघ, पाणी कुठं जातं ते बघ. खाचा उथळ. पाण्याला वाट नाही म्हणजे ते टायरखाली साचणार आणि हलकी गाडी वर तरंगणार." पाणी कुठं जातं ते मी पाहिलंच. माझ्या बुटांत गेलं.

सरदारपूरला तर कहर झाला. तिथला दुकानदार स्वतःच म्हणाला, "साब, ये माल पुराना हे, आप मत लो." टायरच्या कडेवर तो बनल्याचा आठवडा आणि साल छापलेलं असतं, तेही त्यानंच दाखवलं. काका बाहेर आले. मग म्हणाले, "हा खरं का बोलला? शंकेला जागा आहे." आम्ही पुन्हा त्या गावाला गेलो नाही.

शेवटी धारला, बसस्टँडाजवळच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे टायर सापडले. अरुंद, हलके, नख रोवलं की ठसा उमटावा इतके मऊ, खाचा खोल आणि थेट बाहेर निघणाऱ्या. बनून तीन महिनेही झाले नव्हते. तांब्याची परीक्षा पास, वासाची पास, भिंग लावून कडा पाहिल्या, त्याही पास. मी मनात पेढे वाटले.

काका टायरवरून हात फिरवत राहिले आणि म्हणाले, "शंकेला जागा आहे."

माझं डोकं सटकलं. "कुठं आहे? दाखवा ना जागा. काका, तुम्हाला टायर घ्यायचेच नाहीत. काकूंना गाडीत बसवायचंच नाही तुम्हाला. सव्वा वर्ष मला उगाच गावोगाव हिंडवताय." मोठ्या माणसाशी असं बोलू नये, पण बोललो.

काका चिडले नाहीत. तिथंच टायरांच्या चळतीवर बसले. दुकानदार चहा सांगायला गेला होता.

"स्कूटरचा मागचा टायर झिजला होता," ते म्हणाले. "ती म्हणाली, बदलून घ्या. मी म्हटलं, अजून एक पावसाळा निघेल. मी पास केला होता तो टायर, मिलिंद. न बघता."

मी त्यांच्या शेजारी टेकलो.

"चौकात पाणी साचलेलं. स्कूटर मागून सरकली, मी सावरली, पुढं निघालो. मी तिला काहीतरी समजावून सांगत होतो. काय, ते आता आठवतही नाही. मागून आवाज आला, 'अहो.' मी ऐकला. ऐकू आलं नाही असं नाही, ऐकला मी. आणि म्हणालो, थांब, माझं बोलणं पुरं होऊ दे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मैलभर बोलत गेलो. मागची सीट रिकामी होती आणि मी बोलतोय. मागं बसलेलं माणूस दिसत नाही रे. म्हणून मागची सीटच नसलेली गाडी शोधली. शेजारी बसेल, दिसत राहील."

चहा आला. काकांनी तो हातातच धरून ठेवला. "'अहो' मी दिवसातून शंभर वेळा ऐकतो. त्याकडे लक्षच जात नाही. नावानं हाक मारली असती तर थांबलो असतो. तेव्हापासून तिला सांगतोय, नावानं हाक मारत जा. तर म्हणते, शोभतं का? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच माझं नाव तिच्या तोंडून." मग एकदम माझ्याकडे पाहून म्हणाले, "बसली आणि पुन्हा काही झालं तर?"

सव्वा वर्ष मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. मी उठलो आणि दुकानदाराला म्हणालो, "चारों बाँध दो." काकांनी अडवलं नाही.

टायर बसले. पण काका काकूंना लगेच बसा म्हणतील, तर ते दिघे कसले? त्यांनी आधी खातेगावच्या गव्हाचं एक पोतं आणलं, काट्यावर घालून काकूंच्या वजनाइतकं केलं आणि शेजारच्या सीटवर पट्ट्यानं बांधलं. कॉलनीच्या रस्त्यावर मला नळीनं पाणी मारायला लावलं. मग गाडी घेऊन आले आणि मधोमध करकचून ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली. अख्खी कॉलनी गच्चीवर. वर्माजींनी टाळ्या वाजवल्या.

असं सलग चार दिवस चाललं. उतारावर, वळणावर, शेणकाल्यावरसुद्धा. माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ब्रेक दाबला की काका रस्त्याकडे बघत नसत. ते पोत्याकडे बघत. थांबल्यावर पोतं सरळ बसवत, पट्टा तपासत आणि मगच पुढं निघत.

चौथ्या दिवशी काकू फाटकात उभ्या होत्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे.

"माझं वजन एवढं नाही," त्या म्हणाल्या.

"अठ्ठावन्न किलो. काट्यावर केलंय," काका म्हणाले.

"काढा ते पोतं." काकूंनी काठीनं सीट दाखवली. "श्रावणात मी येते तुमच्याबरोबर."

श्रावणातल्या सोमवारी दोघं धरमपुरीला निघाले. टप चढवलेला, तरी कडेनं गळणारा. काकूंच्या मांडीवर प्लॅस्टिकचा कागद. आम्ही सगळे दारात उभे होतो आणि कुणीच चेष्टा केली नाही.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. काकांना विचारलं की ते टायरांबद्दल बोलू लागतात.

काका घरापासून गप्प होते. कधी नाही ते गप्प. वीसच्या वेगानं गाडी, मागं ट्रकवाले हॉर्न मारून हैराण, आणि हे दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून, एक नजर रस्त्यावर, एक काकूंवर. मानपूरच्या पुढं घाट लागला आणि पाऊस कोसळायला लागला. समोरचं दिसेना. वळणावर पाण्याचा लोट रस्ता ओलांडून चाललेला. गाडी त्यातून सरळ गेली, जराही सरकली नाही. काकू म्हणाल्या, "मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर यांच्या कपाळावर घाम."

आणि मग, अगदी हळू, पावसात विरून जाईल इतक्या हळू, काकूंनी हाक मारली, "भास्कर."

काकांनी त्याच क्षणी ब्रेक मारला. गाडी कडेला घेतली, थांबवली, पूर्ण वळून बसले. चेहरा पांढराफटक. "काय झालं? दुखतंय? काय झालं, शालिनी?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "ऐकू येतं का, ते पाहत होते."