पुढील चाकातील कंपनाचे निदान

आमच्या खात्याचा चारही चाकांनी ओढणारा ट्रक ताशी चाळीसच्या पुढे गेला की त्याच्या पुढील भागात कंपन व खडखडाट उद्भवत असे. ही बाब मी, सदर ट्रकचा चालक, नम्रपणे लेखी कळवली. वर्कशॉपचे मिस्त्री म्हणाले, चाकाचे बेअरिंग गेले असावे. जॅक लावून चाक हलवले की पाच मिनिटांत कळेल. तथापि आवाज सिद्ध झाल्याविना जॅक मिळत नसे. डोंगराचा उतार रोज मलाच उतरावयाचा होता; सबब आवाज सिद्ध करण्याचा मी निर्धार केला.

चौकशी समिती आली. तिघांनी आळीपाळीने बॉनेटला कान लावले. ट्रक उभा होता. चालवून दाखवतो म्हणालो, तर अध्यक्ष म्हणाले, "तक्रार असलेलं वाहन चालवता येत नाही."

"मग साहेब, मी रोज काय चालवतो?"

"ते काम झालं. ही तपासणी आहे."

उभ्या ट्रकात आवाज आढळला नाही. तो एकट्या मलाच येतो हे कागदोपत्री ठरल्याने माझी वैद्यकीय तपासणी निघाली. दवाखान्यात मी तोच ट्रक घेऊन गेलो. डॉक्टरांना माझे कान उत्तम आढळले. मग त्यांनी हात पुढे करावयास सांगितले. दोन तास स्टिअरिंग धरलेले ते हात लटलटा कापत होते.

समितीस हर्षवायू व्हावयाचाच बाकी राहिला. कंपन सापडले होते. चालकाचे कंपन स्टिअरिंगमार्गे चाकांत उतरते, करिता सदोष भाग बदलावा, असा अहवाल झाला. सदोष भाग म्हणजे मी. मला भांडारात खिळे मोजावयास बसवले.

महिन्याने धर्मपत्नी म्हणाली, "अहो, ट्रक सुटल्यापासून तुमची बशी कोरडी राहते. चहा कपातच असतो. हे तरी कळवा की त्यांना."

मी कळवले. उत्तर आले : भाग बदलल्याचा गुण आला, अभिनंदन.

नवा चालक अनुभवी आहे. तो रेडिओ मोठ्याने लावतो. तक्रार नाही.

मिस्त्री अजून जॅकची वाट पाहत आहेत. मी कामावर पायी जातो. वाचकहो, सदर ट्रक रोज सकाळी आपल्याच दारावरून उतार उतरतो, आणि तो खडखडाट आपणांसही ऐकू येतो. खिडकी लावून घेताना मी आपणांस पाहिले आहे.