सर्वांस खुल्या केलेल्या फोल्डराची हकीकत

श्रीवाग्देवीस नमन असो आणि ऐकणारांचे ध्यान ठिकाणी असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, फाल्गुन मासीची गोष्ट. बाळांनो, डोळे मिटोन कल्पना करावी. एक दुमजली राज्य. खाली थोरले मुकुंदराव, वरती धाकटे बंधू अच्युतराव, आणि वायफाय उभयतांचे एकच. मुकुंदरावांची कन्या रेवती, वय वर्षे नऊ. तिच्या मातोश्रींनी आजारपणात अंथरुणावरोन लेकीसाठी आपल्या आवाजात गोष्टी सांगोन ठेविल्या आणि मग त्या कैलासवासी जाहल्या. त्या गोष्टी मुकुंदरावांचे संगणकावरी एका फोल्डरात होत्या. दुसरी नक्कल कोणी केली नव्हती.

रेवतीने अर्ज केला की, आपले खोलीतील जुन्या संगणकावरीही आई ऐकू यावी. अच्युतराव या विद्येत जाणते, सबब त्यांस पाचारण जाहले, आणि ते म्हणाले, जोडणेच तर वरचे यंत्रही जोडू, वहिनींचा आवाज आम्हांसही प्रिय. मग फोल्डर खुला करिते समयी पडद्याने विचारिले की, इतरांस केवळ उघडोन पाहण्याचा अधिकार द्यावा, की बदलणे, पुसणे सर्वच? मुकुंदराव म्हणाले, पाहण्याचा पुरे. तेव्हा अच्युतरावांचा हात माऊसवरच थांबला.

"दादा, नुसतं पाहायचं दिलंत, म्हणजे आम्ही वरचे भाडेकरूच की."

थोरले शरमले, आणि आपसांत कुलूप कसले म्हणोन त्यांनी सर्वांस सर्व अधिकार बहाल केले, आणि पासवर्डही काढविला, आणि मग उभय बंधू चहा प्याले. रेवती रोज शाळेतोन येवोन दार लोटोन गोष्ट ऐकू लागली.

पुढे वरचा संगणक मंद चालो लागला. अच्युतरावांच्या पत्नी मंदाकिनीबाई साफसफाईस बसल्या, आणि हा फोल्डर दृष्टीस पडला, आणि त्या समजल्या की मूळ खाली आहे, ही वरची नक्कल. पडद्याने बजाविले की हे कायमचे जाईल. बाईंनी होय म्हटले. एका यंत्रावरोन दुसऱ्याचे पुसिले तर ते कचरापेटीतही पडत नाही, हे त्यांस कोणी सांगितले नव्हते.

मग मोठा कलह जाहला. मुकुंदराव म्हणाले, तुमच्या घरातोन पुसले गेले. अच्युतराव म्हणाले, अधिकार तुम्हीच दिलेत. मंदाकिनीबाई पदर डोळ्यांस लावोन जिन्यात उभ्या होत्या. रेवती त्यांजपाशी गेली.

"काकू, पुसण्याआधी एक तरी ऐकलीत का?"

"नाही गं. वेळच कुठे होता."

तात्पर्य, भावाचा मान राखावयास लेकराची ठेव उघड्यावरी ठेविली; ठेव गेली आणि मानही उरला नाही. बंधू अद्याप भांडत होते. रेवती आत वडिलांचे संगणकापाशी गेली, तिने त्या रिकाम्या फोल्डरावरील सर्वांचे अधिकार एकेक करोन काढिले, वडिलांचेही, आणि एकटे आपले नाव ठेविले.