मुक्काम हाय न्हवं?

आमच्या गल्लीत गॅसचा सिलिंडर घेऊन जो माणूस येतो, त्यालासुद्धा बसवंतअप्पा विचारतात, "मुक्काम हाय न्हवं?" तो बिचारा खांद्यावरचं ओझं सावरत कशीबशी मान हलवतो आणि पुढे सटकतो. विमा एजंट, विजेचं मीटर बघणारा, कुणाचीही सुटका नाही. समोरच्या घरी तेराव्याला माणसं जमली होती, तिथेही अप्पा दारात उभे राहून एकेकाला हळूच विचारत होते. मी कोपराने ढोसलं, तर म्हणाले, "लांबनं आल्यात, सर. शिरोळास्नं." शिरोळ म्हणजे सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत यावं इतक्या अंतरावर.

अप्पांचं गाद्यांचं दुकान होतं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, गेल्या, दुकान पुतण्याकडे गेलं, आणि हाताशी आलेला सगळा वेळ अप्पांनी एकाच दुखण्याला दिला. कोल्हापुरात माणसं येतात, पण राहत नाहीत.

"सकाळी देवीचं दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा, आन् चपला घिऊन संध्याकाळी पसार. ह्याला काय येणं म्हणत्यात?"

यावर त्यांच्याकडे औषधही एकच होतं. गावात काहीतरी मोठं भरवायचं, आणि तेही चार दिवसांचं. मी शाळेत खेळाचा मास्तर आणि राहायला शेजारी, त्यामुळे शालेय खेळांच्या दिल्लीतल्या कचेरीला अर्ज लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या वर्षी बुद्धिबळाची स्पर्धा मागितली. घोडा कसा चालतो हे अप्पांना ठाऊक नव्हतं. नकार आला. दुसऱ्या वर्षी पोहण्याची मागितली. अप्पा स्वतः पंचगंगेत घोट्याच्या वर कधी उतरलेले नाहीत. पुन्हा नकार. तिसऱ्या वर्षी एकदम रस्सीखेच निघाली, अखिल भारतीय, शालेय.

"अप्पा, आता रस्सीखेच कुठनं काढली?"

"चांगला खेळ हाय की. लई माणसं लागत्यात."

दरवर्षी खेळ का बदलतो, हे मला कळेना. पुतण्याच्या गाद्या खपवायचा बेत असावा, असा मला दाट संशय होता.

त्यांनी एक वही केली होती. गल्लीतल्या प्रत्येक घरी टेप घेऊन जायचं आणि किती पाहुणे मावतील ते लिहायचं. आमच्याकडे न विचारता माडीवर गेले आणि लिहून आले, "वरची खोली, सहा." मी म्हटलं, "अप्पा, रस्सीखेच खेळणारी पोरं काय बारीक असतात?" त्यांनी विचार केला, सहा खोडले आणि चार केले. आपण घरात चार परकी पोरं ठेवून घेणार आहोत हे बायकोला वहीतून कळलं. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आणि एके दिवशी खरोखरच दिल्लीहून कळवलं, मैदान पाहायला तीन निरीक्षक येतील. सकाळी येतील, संध्याकाळच्या गाडीने पुण्याला परत, दुसऱ्या दिवशी तिथून विमान. अप्पांचा चेहरा पडला. "संध्याकाळी जाणार?"

"ते मैदान बघायला येताहेत, अप्पा. गाव बघायला नाही."

मी तीन दिवस उन्हात राबलो. खडे वेचले, पाणी मारलं, फक्कीने रेषा आखल्या, नवा दोर आणला. पन्नाशीत पाठ धरली ती अजून सुटलेली नाही.

पाहुणे उतरले. स्टेशनवरून अप्पांनी त्यांना आधी मिसळीवर नेलं. मग घरी पुरणपोळी, कटाची आमटी, पोळीवर तुपाची धार. एवढ्यावर थांबावं की नाही? पण अप्पा लिंगायत, त्यांच्या घरात मटण शिजत नाही, आणि मटणाशिवाय पाहुण्याला पाठवणं त्यांच्या मनाला पटेना. म्हणून ते आमच्या घरी शिजलं. बायको पहाटेपासून चुलीपुढे. अप्पा स्वतः त्याला शिवत नव्हते, पण दारात उभे राहून वाढायला मात्र सांगत होते. थोरले निरीक्षक दोन्ही हात ताटावर आडवे धरून "बस, बस" म्हणत होते आणि अप्पा म्हणत होते, "इतना-सा क्या खाता है साब? ये तो चव देखने का हुआ."

दोन वाजता ते तिघं पाच मिनिटं पाठ टेकायला म्हणून अप्पांच्या घरी गेले. मी शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर उभा राहिलो. तीन वाजले, चार वाजले, साडेपाच वाजले. शेवटी तणतणत परत आलो, तर अप्पा उंबऱ्यात बसून भाजीवाल्याला गप्प करत होते. "हळू. पावणं झोपल्यात."

आतून तिघांचं घोरणं ऐकू येत होतं. गाडी गेली, अंधार पडला. ते उठले ते भूक लागली म्हणून. दुसऱ्या दिवशीचं विमान गाठायला पहाटेच मोटार करून निघून गेले. मैदानाकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही.

"मुक्काम झाला, सर," अप्पा म्हणाले. परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखे दिसत होते.

महिनाभराने दिल्लीहून ईमेल आली. स्पर्धा दुसऱ्या गावाला दिली होती. कारण लिहिलं होतं, "पाहुणचार उत्तम. मैदान पाहता आले नाही." त्याचा कागद छापून घेतला आणि रविवारी संध्याकाळी अप्पांना चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून निघालो. मनात वाक्यं तयार होती.

दारात पुण्याची मोटार उभी होती. अप्पांची मुलगी शैला सकाळी आली होती आणि आता निघाली होती. जावई गाडी चालू करून बसले होते. थोरला नातू आणि मधला आत बसले होते. बारा वर्षांची नात मात्र अप्पांचा हात धरून उभी होती. तळहाताला चिकटपट्ट्या.

"आजोबा, स्पर्धा इथेच आहे ना? शाळेच्या टीममध्ये माझं नाव आलंय. मग चार दिवस आम्ही सगळे इथेच."

अप्पांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि नंतर माझ्या तोंडाकडे. "बघू की," ते तिला म्हणाले. मग शैलाकडे वळून अगदी हळू विचारलं, "मुक्काम...?"

"उद्या शाळा हाय पोरांची, अप्पा. पुढच्या खेपेला नक्की ऱ्हातो."

मोटार गेली. मी विचारलं, "बुद्धिबळ कोण खेळायचं?"

"थोरला. आता सोडलं त्यानं."

"आणि पोहायला मधला."

अप्पांनी मान हलवली. माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि तीन वर्षं ह्या माणसावर गाद्या विकण्याचा आळ घेतला याची लाज वाटली. त्यांनी कागद घेतला, लांब धरून दोनदा वाचला.

"पाहुणचार उत्तम, म्हणत्यात."

"अप्पा, आधी मैदान दाखवलं असतं तर..."

"उपाशी पावण्याला उन्हात कसं हिंडवायचं, सर?"

पुढच्या सोप्यात पाच गाद्या घातलेल्या होत्या. नव्या खोळी, घडीच्या चादरी, उशांवर एक सुरकुती नाही. "दुपारी पोरं जरा लवंडतील म्हणून घातल्या हुत्या," असं म्हणून अप्पा खाली बसले आणि पहिली गादी गुंडाळायला लागले. गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "आई गेल्यापास्नं एक रात काढली न्हाई शैलानं हितं. तिचं बी खरं हाय. सवड नसती."

मी चपला काढल्या.

"अप्पा, आमच्या माडीला रंग दिलाय. वासानं डोकं उठलंय. मुक्काम हाय."

अप्पांचे हात थांबले. आमच्या माडीला गेल्या सहा वर्षांत रंग लागलेला नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. वहीत तसं त्यांनी लिहिलंही होतं. त्यांनी गुंडाळलेली गादी परत उलगडली आणि तळहाताने सारखी केली.

"वैनीस्नी बी बोलवा की," ते म्हणाले. "वासात एकट्या कशा झोपतील?"