तिठ्यावरचा पासपोर्ट

"पासपोर्ट पोटलीतच राह्यला," पाय धुऊन आत येताच प्रेमलताबाईंनी सांगितले. रामाजींच्या हातातला चहा बशीत सांडला.

सून गुंजनचा कॅनडाचा व्हिसा एकदा नामंजूर झाला होता. मुलगा अंकित तिकडे, त्याची लग्नाची बायको इकडे हुडकेश्वरात, आणि उद्या सकाळी व्हिसा सेंटरात पासपोर्टासह हजर व्हायचे होते. नजर लागली, दुसरे काय! म्हणून प्रेमलताबाईंनी पासपोर्टावरून लिंबू-मिरची ओवाळली आणि उताऱ्याची काळी पोटली तिठ्यावर ठेवून आल्या. पासपोर्टासकट.

"आठवलं तं परत काहून नाई गेली?"

"उतारा ठेवल्यावर मांगं वळून पाहाचं नसते. बोलाचंही नसते."

गुंजनच्या डोळ्यांत पाणी आले. "बाबा, उद्याची तारीख हुकली तं?"

"मी आणतो. असलं काही मी मानत नाई," रामाजी म्हणाले खरे, पण निघताना देवघरातला अंगारा कपाळाला लावला. उतारा नुसता ओलांडला तरी पीडा मागे लागते म्हणतात. इथे तर तो हातात घ्यायचा होता.

तिन्हीसांज झाली होती. तिठ्यावरची नेहमीची कुत्रीसुद्धा गायब होती. स्कूटरवाले लांबून वळसा घेत होते. कडुलिंबाखालची पोटली रामाजींनी मारुतीचे नाव घेत उचलली. ती कोमट लागली. गाठ सोडून मोबाईलच्या उजेडात पासपोर्ट उघडला, तर गुंजन नव्हतीच. कुंकवाने माखलेला एक म्हातारा रोखून पाहत होता.

रामाजींनी घाबरून मान वर केली. तोच म्हातारा झाडामागे उभा होता.

"रामाजी, मी हावो," शेजारचे महादेवराव म्हणाले. त्यांच्या हातात दुसरी पोटली होती. "माहाही पासपोर्ट पोटलीतच राह्यला, तो घ्याले आलो तं ही पोटली हाती लागली. हा तुमच्या सुनेचा दिसते."

"अन् हा तुमचा? तुम्ही तं कुठंच जाणार नव्हते."

"आमच्या पोरीनं, मोनालीनं, अमेरिकेत बोलावलं. आमची बायको यमुना म्हने, सांगू नका, नजर लागते."

"कोनाची?"

"तुमच्या घरची."

रामाजी ओशाळले. त्यांच्या घरी नजर लावणारी म्हणून यमुनाताईंचेच नाव निघाले होते. पासपोर्टांची अदलाबदल झाली.

"म्हंजे तुमची पीडा आता माह्या हाताले लागली," रामाजी हळूच म्हणाले. "किती डाव नामंजूर झाला तुमचा व्हिसा?"

"तीन डाव. तुमचा?"

"एकच."

महादेवरावांचा चेहरा खुलला. जिवावरचे बोटावर निभावल्यासारखे ते झपाझप घरी निघाले.

फाटकाशी गुंजनने हात पुढे केला. रामाजींनी पासपोर्ट पाठीमागे धरला.

"हात नको लावू, पोरी. आईले बोलव. पह्यले मले ओवाळावं लागते."